गाव दत्तक घेणे आहे

तुम्ही अमरावतीचे आहात किंवा अकोल्याचे. नुकतेच निवृत्त झाला आहात, किंवा एमएसडब्ल्यू होऊन तीन वर्षं झाली तरी कुठे काही जमत नाही, किंवा घरचे म्हणताहेत की दिवसभर पेपर वाचत बसण्यापेक्षा काहीतरी समाजकार्य तरी करा. अभिनंदन! तुमच्या उत्तरेला, परतवाड्याहून घाट चढला की मेळघाट आहे. धारणी आणि चिखलदरा असे दोन तालुके, तीनशेच्या वर गावं, बहुतेक वस्ती कोरकू आदिवासींची. १९९३ साली इथं मुलं कुपोषणानं दगावल्याच्या बातम्या देशभर गेल्या आणि तेव्हापासून या डोंगरात पाहुण्यांची वानवा पडलेली नाही. मंत्री येऊन गेले, समित्या येऊन गेल्या, उच्च न्यायालयात याचिका चालत राहिल्या, पीएचडीवाले तर अजून येताहेत. तुम्हालाही जागा आहे. फक्त उशीर करू नका. डांबरी रस्त्यावरची बरी गावं भराभर संपत चालली आहेत.

खालच्या सूचना क्रमानं पाळा.

१. सात माणसं गोळा करा

१८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात. बायको, साळा, साळ्याची बायको, शेजारचे जोशी, सीए असलेला भाचा, तुम्ही स्वतः, आणि सातवा एखादा आदिवासी. सातवा मिळाला नाही तर मेहुणी चालते. मग धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, मग आयकराचं बारा-ए, मग ऐंशी-जी, मग नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी. एवढं होईस्तोवर वर्ष जाईल. या वर्षाला अहवालात 'पायाभरणीचा टप्पा' म्हणायचं.

नाव संस्कृत हवं. संजीवनी, चेतना, अरण्य, स्पंदन यांपैकी जे शिल्लक असेल ते घ्या आणि पुढे 'बहुउद्देशीय' जोडा, म्हणजे उद्या मेळघाट बंद झाला तर दारूमुक्तीकडे वळता येतं. कोरकू शब्द मात्र घेऊ नका. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाली-मुंडारीच्या नात्यातली. मराठीची ती कोणीच लागत नाही. देणगीदाराची जीभ अडखळली की चेक अडखळतो. खुद्द 'कोरकू' या शब्दाचा अर्थ 'माणसं' असा आहे. तुम्हाला त्याचा उपयोग नाही. अर्जाच्या रकान्यात 'माणसं' बसत नाहीत. तिथं 'लाभार्थी' लिहितात.

२. गाव निवडा

गाव असं हवं की सकाळी आठला अमरावती सोडली, परतवाड्याला नाश्ता केला, की कार्यक्रम उरकून संध्याकाळी राजकमल चौकात चहाला परत येता आलं पाहिजे. रस्त्याला लागून, मोबाइलला रेंज असलेलं, गाडी वळवायला जागा असलेलं. हतरूसारख्या गावाच्या वाटेला जाऊ नका. पावसाळ्यात तिकडचा रस्ता तुटतो, आणि गरज तिकडेच जास्त आहे हे कोणी तुम्हाला सांगेलही. गोड हसा आणि 'दुसऱ्या टप्प्यात विचार करू' म्हणा.

एक अडचण येईल, तिनं खचू नका. परतवाड्याहून ठरवून घेतलेल्या गाडीवाल्यानं मला एकदा घाटातच सावध केलं होतं. "साहेब, हे गाव गंज येळा दत्तक गेलं. आता त्याले समजतच नाई का आपले मायबाप कोन!" गावात पोचलो तर खरंच. शाळेच्या भिंतीवर एका बँकेचा बोर्ड, हातपंपावर एका क्लबचा, समाजमंदिरावर एका विद्यापीठाचा. पिंपळाचा पार तेवढा मोकळा होता. आम्ही पाराला बोर्ड लावला.

अकोलेकरांसाठी खास सूचना: तुम्हाला घाट चढायचीही गरज नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातली गावं सरकारनं तुमच्यासाठी खाली आणून ठेवली आहेत. अमोना, बारुखेडा, नागरतास, गुल्लरघाट, केलपाणी. कुटुंबाला दहा लाखांचं पॅकेज देऊन ही माणसं अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आणली. अकोटहून चहा थंड व्हायच्या आत पोचाल. कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणून त्यातली काही माणसं परत जंगलात गेली आणि जानेवारी २०१९मध्ये वनखातं-पोलिसांशी त्यांची झटापटही झाली, पण त्यात तुम्ही पडू नका. 'विस्थापितांचे मानसिक समुपदेशन' अशा एका शीर्षकाखाली चांगला खर्च बसतो.

३. मोसम पाहून जा

डिसेंबर-जानेवारी. चिखलदऱ्याला धुकं असतं, मोथ्याची स्ट्रॉबेरी आलेली असते, सेमाडोहची सफारी होते, कोलकासला सिपना नदीच्या काठी बसून वार्षिक आराखडा करता येतो.

पावसाळा टाळा. मेळघाटात लहान मुलं सगळ्यात जास्त जातात ती पावसाळ्यात. घरातलं धान्य संपलेलं, आई निंदणाला गेलेली, नाले भरलेले, दवाखाना पलीकडच्या काठाला. अशा वेळी जाऊन तुम्ही काय करणार? भिजाल. पुण्याच्या मैत्री संस्थेनं १९९७पासून नेमक्या याच दिवसांत धडक मोहीम सुरू केली. शहरातली पोरंपोरी आळीपाळीनं येऊन पावसात घरोघर फिरायची, आजारी मूल शोधायची, वजनं घ्यायची. त्यांचे त्या काळातले फोटो पाहा. सगळे चिखलात. एकही फ्लेक्सवर टाकण्यासारखा नाही.

४. गरजा जाणून घ्या

याला सहभागी ग्रामीण मूल्यांकन म्हणतात. जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा, गावाला तो समजावून सांगायचा. प्रश्न मराठीतून विचारा, मोठ्यानं. तुम्ही विचारलं, "शाश्वत उपजीविकेच्या संदर्भात स्त्रियांचा निर्णयप्रक्रियेतला सहभाग कितपत आहे असं तुम्हाला वाटतं?" की अंगणवाडीच्या मदतनीस कोरकूतून तीन शब्द बोलतील, बायका आपापसात खूप वेळ बोलतील, एक जण हसेल, आणि मदतनीस तुम्हाला सांगतील, "पाणी पायजे म्हणतात." मधलं जे गळलं ते गळू द्या. पाण्याचंही लिहू नका. पाणी म्हटलं की पाइपलाइन आली, पाइपलाइन आली की जिल्हा परिषद आली. लिहा: 'जनजागृतीची नितांत गरज आढळली.'

बैठक दिवाळीनंतर ठेवली तर आणखी सोपं. पिकं निघाली की निम्मं गाव कामाच्या शोधात खाली उतरतं आणि होळीला परततं. मी अशाच एका बैठकीला हजर होतो. विषय होता 'स्थलांतर थांबवूया'. बॅनर सुंदर होता. समोर सात म्हातारे, दोन बकऱ्या आणि तलाठ्याची वाट बघत बसलेला एक माणूस. बाकीचं गाव स्थलांतर करून गेलं होतं. ठराव एकमतानं पास झाला.

होळीचं आलंच म्हणून सांगतो. तेव्हा सगळं गाव घरी असतं. पण त्या दिवसांत कोरकू मंडळी रस्त्यात नाचून तुमची गाडी अडवतात आणि फगवा मागतात. म्हणजे वर्षातून एकदा ते तुमच्याकडून रोख घेतात, पावती देत नाहीत, आणि वर हसतात. ऑडिटला हे बसत नाही. मार्चच्या या आठवड्यात शहरातच थांबा.

५. फोटो

हा धडा नीट वाचा, बाकीचे चाळले तरी चालतील.

फोटोत मूल हवं. मूल सरळ कॅमेऱ्याकडे बघणारं, पण हसणारं नको. हसरं मूल पुढच्या वर्षीच्या अहवालासाठी राखून ठेवा, 'हस्तक्षेपानंतर' या मथळ्याखाली. ब्लँकेट देताना देणाऱ्याचा चेहरा आणि घेणाऱ्याचे हात आले पाहिजेत. एक ब्लँकेट पाच हातांनी धरता येतं. एकच ब्लँकेट पाच बायकांना पाच वेळा देताही येतं, मी पाहिलं आहे.

स्वागताला नाच ठेवा. कोरकू बायकांचा गदली-सुसून फार छान दिसतो. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो, तो पकडा. त्या आठवड्यात सोयाबीनचं निंदण चालू असतं आणि नाचायला आलेल्या प्रत्येक बाईचा रोज बुडतो. पण संस्कृतीची जपणूक फुकट होत नाही हे तिला कळलं पाहिजे. नाचाचं मानधन बजेटमध्ये 'ध्वनिव्यवस्था' या सदराखाली मंडपवाल्याला देऊन टाका.

फोटोची जोखीमही ठाऊक असू द्या. मेळघाटातलं हरिसाल आठवतं? सरकार आणि मायक्रोसॉफ्ट मिळून देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून ते गाजवलं. गाव कसं ऑनलाइन झालं याची जाहिरात झाली, जाहिरातीत गावचाच एक तरुण. मग २०१९च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत तोच तरुण स्वतःच्या सभेच्या व्यासपीठावर आणून उभा केला. फोटोतला माणूस बोलायला लागला तर काय होतं ते त्या दिवशी महाराष्ट्रानं पाहिलं. म्हणून फोटो काढा, नाव लिहून घेऊ नका, आणि पुन्हा भेटू नका.

६. पैसा

२०१३च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे. तुमच्या देवघरात लावून ठेवा. वर्षाला पाच कोटींच्या वर नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर घालावे लागतात. हे तिला सहसा फेब्रुवारीत आठवतं. मार्चमध्ये तुमचा फोन चालू ठेवा.

प्रेझेंटेशनमध्ये संयुक्त राष्ट्रांची सतरा शाश्वत ध्येयं टाका, ते रंगीत चौकोन. सतराही टाका. तुम्ही एका गावाला बारा शिलाई मशीन देणार असलात तरी त्यातून भूक, लिंगभाव, हवामानबदल आणि सागरी जीवसृष्टी या सगळ्यांना हात लागतो, हे दाखवणं हीच खरी कला. सागराचं कसं जमवायचं? सिपना तापीला मिळते, तापी समुद्राला. झालं.

परदेशी पैसा घेणार असाल तर खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत लागेल, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीपासून त्यातले वीसच टक्के प्रशासकीय खर्चाला घालता येतात. पूर्वी पन्नास होते. घाबरू नका. गाडीचं डिझेल 'समुदाय संपर्क', तुमचा पगार 'क्षमताबांधणी', आणि चिखलदऱ्याच्या हॉटेलात दोन दिवस राहणं म्हणजे 'क्षेत्रीय निवासी चिंतन'.

७. गावाला काहीतरी शिकवा

सौरदिवे, बिनधुराची चूल, शिलाई मशीन हे नेहमीचं. द्या. बॅटरी किती वर्षं टिकते हे विचारू नका, प्रकल्प तीन वर्षांचा आहे. पण खरी मजा आहारात आहे.

कोरकूंच्या आज्या डोंगरउतारावर कुटकी, सावा, कोदो पेरायच्या. हलक्या जमिनीत, कमी पाण्यात यायचं ते. मग उताराची शेती म्हणजे मागासपणा असं सगळ्या बाजूंनी सांगून झालं, रेशनला गहू-तांदूळ आला, शेतात सोयाबीन आलं, आणि कुटकी परसात उरली. हे घडायला दोन-तीन पिढ्या लागल्या. आता तुम्ही काय करायचं, तर २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होऊन गेलं त्याचं निमित्त धरून अमरावतीहून एक आहारतज्ज्ञ न्यायच्या. पांढऱ्या पडद्यावर कुटकीचा फोटो दाखवायचा. "ह्याला मिलेट म्हणतात." समोर बसलेल्या म्हातारीनं आयुष्यात जेवढी कुटकी कांडली तेवढी ह्या बाईंनी गुगलवरही पाहिलेली नसते, पण प्रमाणपत्र म्हातारीला मिळतं. लॅमिनेट केलेलं.

शेवटी पौष्टिक आहाराची पाकिटं वाटा. वाटून झाली की जेवा. जेवण परतवाड्याहून आणलेलं असू द्या, गावातलं नको. पोट बिघडलं तर पुढचं गाव रद्द होतं. पोळ्या, बटाट्याची भाजी, जिलबी. गाडीच्या सावलीत बसा आणि मुलांना जरा लांब जायला सांगा, ती बघत बसतात.

८. यांच्यापासून लांब राहा

मेळघाटात काही माणसं आहेत जी आपल्या क्षेत्राचं नाव खराब करतात.

बैरागडला डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे. डॉक्टर तिकडे गेले आणि परत यायचं विसरले. पहिल्या तपासणीला दोन रुपये, नंतरच्या खेपेला एक रुपया. लग्नाच्या वेळी त्यांनी मुलीसाठी अटी घातल्या होत्या: चाळीस किलोमीटर चालता आलं पाहिजे, पाच रुपयांत नोंदणी लग्न, महिना चारशे रुपयांत संसार, आणि वेळ पडली तर दुसऱ्यांसाठी भीक मागायची तयारी. आणि नागपूरची एक डॉक्टर मुलगी याला हो म्हणाली! २०१९ला दोघांना पद्मश्री मिळाली, पण दोन रुपयांचं बिल जोडून तुम्ही कोणत्या कंपनीकडे जाणार? उतावलीला डॉ. आशीष सातव, तेही एमडी होऊन तिथंच राहिले, आणि गावातल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवत बसले. लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी बांबू केंद्र काढलं. सुनीलभाऊ २०२१मध्ये गेले, तोवर बांबूतच होते. या सगळ्यांत एक समान दोष आहे. ते गावात राहतात. गावात राहिलं की गावाला तुम्ही कळता.

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचं, रात्री कीर्तन, भाकर मागून खायची, आणि लोक हारतुरे घेऊन यायच्या आत पुढच्या गावी. बोर्ड नाही, फॉलो-अप नाही, केस स्टडी नाही. खराटा मात्र ठेवून घ्या. २ ऑक्टोबरला फोटोला लागतो.

९. वनहक्काला हात लावू नका

ही शेवटची सूचना, आणि हिच्यावर तुमचं सगळं भवितव्य अवलंबून आहे.

२००६ साली वनहक्काचा कायदा झाला. त्याखाली गावाची ग्रामसभा स्वतःच्या जंगलावर सामूहिक हक्काचा दावा करू शकते. दावा म्हणजे काय, तर वनहक्क समिती निवडा, शिवेवर फिरून हद्दी ठरवा, म्हाताऱ्यांचे जबाब घ्या, जंगलवापराच्या हक्कांची जुनी निस्तारपत्रकं शोधा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, मग त्रुटी, मग पुन्हा सुरुवातीपासून. वर्षं जातात. वनखातं तुमच्याकडे तिरकं बघायला लागतं आणि विश्रामगृहाचं बुकिंग मिळेनासं होतं. यात फीत कापायला काही नाही. ग्रामसभेत फोटो काढला तर त्यात नुसती भांडणारी माणसं दिसतात.

आणि एवढं करून हाती काय? अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याला पायविहीर नावाचं कोरकू गाव आहे. परतवाड्याच्या खोज संस्थेची माणसं त्यांच्यासोबत कागद घेऊन बसली, आणि २०१२मध्ये गावाला आपल्या उजाड टेकड्यांवर सामूहिक हक्क मिळाला. शेजारच्या उपातखेडा, नयाखेडा, खतिजापूरलाही मिळाला. पायविहीरच्या लोकांनी काय केलं? झाडं लावली, चराई आणि तोड स्वतःच बंद केली, पाळीपाळीनं राखण केली. गावातल्या गावात कामं निघाली तशी बाहेर मजुरीला जाणारी घरं कमी झाली. २०१४ला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार त्या ग्रामसभेला मिळाला. ग्रामसभेला! कोणत्याही संस्थेच्या अध्यक्षाला नाही.

आता तिथं दत्तक घ्यायला काही उरलेलं नाही. मी विचारून पाहिलं. बोर्ड लावू का, म्हणालो, तर ते म्हणाले, ग्रामसभेत अर्ज द्या. ब्लँकेटं आणली आहेत, म्हणालो, तर एकानं किती रुपयांना, असं विचारलं.

टेकडीवर त्यांची सीताफळं होतात. ऑक्टोबरात जा. भाव ग्रामसभेनं ठरवलेला असतो. पिशवी घरून न्या, आणि सुटे पैसे.